बाळंतीण पालथी केली त्याची गोष्ट

बाळंतीण मेली त्याला चोवीस कोटी वर्षं झाली. त्यातली जवळजवळ सगळी तिनं खडकाच्या आत सुखानं काढली. मग खाणीतल्या लोकांनी तिला बाहेर काढलं, संग्रहालयानं तिला भिंतीशी उभं केलं आणि तिथं काम करणाऱ्या धाकटीच्या आईनं तिच्याविषयी बोलायला सुरुवात केली. तेव्हापासून बिचारीला उसंत नाही.

दिसायला ती काही देखणी नव्हती. माणसाहून लांब अंग, चपटं डोकं, लांबलचक मान, पोहायला सोयीचे आखूड पाय आणि तोंडात दाभणासारखे, आत वळलेले दात. समुद्रात राहणाऱ्या या सरपटणाऱ्या जातीला शास्त्रात नोथोसॉर म्हणतात. कोणी चुकून डायनासोर म्हटलं, की आई त्याला तिथल्या तिथे फैलावर घ्यायची. डायनासोर निराळे, हे घराणं निराळं, आणि त्यांच्या आधीचं. पण लोक यायचे ते घराणं बघायला नव्हे. तिच्या फासळ्यांच्या आत, अगदी पोटाच्या जागी, एक चिमुकलं पाऊल आणि शेपटीचं टोक दिसत होतं. बाकीचं पिल्लू तिच्या अंगाखाली, दगडात दडलेलं होतं. फार पूर्वीच्या कुणा अधिकाऱ्यानं ते पाहून म्हटलं, ही बाळंत होता होता गेली. अधिकारीही गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

धाकटीच्या आईनं उभा जन्म बस आगारात घोषणा करण्यात घालवला होता. अमुक बस तमुक फलाटावरून सुटत आहे, हे ती अशा आवाजात सांगायची की ज्यांना कुठंच जायचं नसायचं तेसुद्धा पिशव्या उचलायचे. निवृत्त झाल्यावर हा आवाज घरात मावेना. नवरा तोवर वारला होता. तो हयात असतानाही फारसा बोलायचा नाही, कारण त्याला मध्ये शिरायला फटच सापडायची नाही. शेवटी आई संग्रहालयात विनामूल्य माहिती सांगायला लागली आणि बाळंतिणीपुढे उभी राहिली. तिचं ते भाषण ऐकून दांडगे दांडगे बाप्ये नाक पुसत बाहेर पडायचे. समुद्र खवळलेला, श्वास कोंडलेला, पाण्यावर येता येईना, तरी माउलीनं शेवटपर्यंत पोराला सोडलं नाही. एवढं सांगून आई थांबायची, सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि हळू आवाजात म्हणायची, आई ती आईच. यातलं पाऊल आणि शेपूट सोडलं तर बाकी सगळं आईचंच होतं. पण इतक्या रंगात आलेल्या बाईला पुरावा कोण मागणार?

हे भाषण संग्रहालयात संपलं असतं तर काही बिघडत नव्हतं. ते घरी यायचं. धाकटी एक्केचाळीस वर्षांची होती, त्याच संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत दगडातून हाडं मोकळी करायचं काम करायची, तिच्या हाताला मान होता. पण मैत्रिणींबरोबर चार दिवस कुठं जायचं म्हटलं की आई भांडी घासता घासता म्हणायची, जा हो, खुशाल जा, ती बाळंतीण जीव गेला तरी हलली नाही, पण ते जनावर होतं. एकदा एक बरा माणूस धाकटीला भेटायला घरी आला होता. आईनं त्याला कौतुकानं संग्रहालयात नेलं, बाळंतीण दाखवली आणि सबंध भाषण ऐकवलं. तो परत काही आला नाही. थोरला भाऊ मात्र विशीतच परदेशी गेला होता आणि त्याला आईनं हसतमुखानं निरोप दिला होता, कारण मुलगा जायचाच असतो. धाकटी राहिली. तिला राहा असं कोणी सांगितलं नव्हतं. जा असंही कोणी सांगितलं नव्हतं.

आणि आता दूरच्या एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयाचं बोलावणं आलं होतं. तिथल्या सबंध कार्यशाळेची ती प्रमुख होणार होती. चांगली यंत्रं, हाताखाली माणसं, आणि खिडकी. धाकटीच्या तळघराला खिडकी नव्हती. महिनाअखेर कळवा, असं त्या लोकांनी लिहिलं होतं. धाकटीनं धीर करून ही गोष्ट जेवताना आईच्या कानावर घातली. आई पाणी प्यायली, तिनं ताट उचललं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा बँकेचे कर्मचारी सहलीला आले होते, त्यांच्यापुढे भाषणाला एक नवा तुकडा जोडलेला धाकटीनं स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या काळची आई अशी होती, आईचा आवाज दालनभर घुमत होता, आता आजकालची पिल्लं बघा. बँकेच्या लोकांनी माना डोलावल्या. धाकटी प्लास्टरची बादली घेऊन त्यांच्या मागून निघून गेली. जायला हवं हे तिला कळत होतं आणि जाता येणार नाही हेही कळत होतं.

अशात बाळंतिणीची जागा बदलायचं ठरलं. संग्रहालयाचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी तिच्यासाठी खास दालन करायचं मनावर घेतलं होतं. दिव्यांचा आणि रंगाचा खर्च शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रसूतिगृहानं उचलला होता, कारण अशी जाहिरात शोधूनही सापडली नसती. साहेबांनी बाळंतिणीचं चित्र छापलेले कॉफीचे मग मागवले, किल्ल्यांना लावायची पितळी बाळंतीण मागवली. बाकीच्या दालनांत आता माणसांऐवजी कानाला लावायची यंत्रं बोलणार होती, पण बाळंतिणीचं दालन तेवढं आईच्या आवाजासाठी राखून ठेवलं होतं. आई भलतीच खुशीत होती. एक अडचण निघाली. बाळंतीण ज्या दगडी फरशीत रुतलेली होती तिला मागून आधार देणारी लाकडी चौकट सडून गेली होती, हलवली असती तर बाळंतिणीचे तुकडे झाले असते. चौकट बदलायला फरशी पालथी करायला हवी होती, आणि ते काम धाकटीचं.

या कामाची एक रीत आहे. जनावर ज्या बाजूनं लोकांना दाखवायचं तेवढीच बाजू पूर्वी साफ करत. पाठची बाजू तशीच दगडात ठेवून तिच्यावर प्लास्टर ओतत आणि चौकट ठोकत. भिंतीला टेकून बसलेल्याची पाठ कोण बघायला जातो? पालथं करायचं झालं तर आधी पुढच्या बाजूवर ओला कागद बसवायचा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या तागाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, सगळं कडक वाळलं की साखळीच्या कप्पीनं उचलून हलकेच उलटवायचं. धाकटीनं हे सगळं रीतसर केलं. जुनं प्लास्टर खरवडून काढलं, तेव्हा खाली दगड लागला, आणि दगडाच्या पार कडेला एक बारीकसं हाड डोकावत होतं. हाड दिसल्यावर हात मागे घेणारी माणसं या धंद्यात टिकत नाहीत. तिनं हवेच्या दाबावर थरथरणारी सुई घेतली, दंतवैद्याच्या यंत्राची चुलत बहीणच ती, आणि म्हटलं, निदान पिल्लाचं तोंड तरी बघू.

पुढचे काही दिवस ती घरी जाऊन मुकाट्यानं जेवायची आणि सकाळी लवकर पळायची. पिल्लू हळूहळू मोकळं होत गेलं. ते पोटात दुमडून बसलेलं होतं आणि त्याची मान मोडलेली होती. मानेच्या एका मणक्यात एक दाभणासारखा, आत वळलेला दात घुसून तुटला होता. तो दात कोणाचा हे कळायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. पिल्लाची पुढच्या भागातली हाडं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती, कडा विरघळल्या होत्या. पोटातल्या आम्लात हाडं पडली की अशी होतात. फासळ्या जाडजूड, बोटांची ठेवण वेगळी. म्हणजे हे तिच्या जातीचंही नव्हतं, फार तर लांबच्या भावकीतलं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते पिल्लूच नव्हतं. लहानपणी मणक्याचा गोळा आणि त्यावरची कमान सुटी असते, वाढ पुरी झाली की त्यांच्यामधला सांधा बुजतो. इथं सगळे सांधे पक्के बुजलेले होते. ते आपल्या जातीतलं चांगलं थोराड, वयात आलेलं, स्वतःच्या पायावर पोहणारं जनावर होतं. मुळात जातच चणीनं लहान.

थोडक्यात, बाळंतीण बाळंत होत नव्हती. बाळंतीण जेवत होती.

धाकटी स्टुलावर बसली आणि एकटीच हसत सुटली. इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्म्यावर धूळ चिकटली. सगळ्या जन्माचं उट्टं निघालं होतं. आज घरी जाऊन आईला सांगायचं, की तुझी ती आदर्श माता, जिच्या नावानं मला कधी चार दिवस कुठं जाऊ दिलं नाहीस, तिनं शेजारीण अख्खी गिळली होती. हे वाक्य तिनं मनातल्या मनात तीन-चार तऱ्हांनी घोळवून पाहिलं. सगळ्याच तऱ्हा झकास होत्या. मग तिच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली, दालनाच्या मधोमध, लोकांवरून नजर फिरवणारी, आणि हसू आलं तसं ओसरलं.

तिनं आधी साहेबांना खाली बोलावून दाखवलं. साहेबांनी दात बघितला, साबणासारखी हाडं बघितली आणि ते एका खोक्यावर मटकन बसले. खोक्यात ते कॉफीचे मग होते. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, की दुसरा काही अर्थ निघू शकतो का, म्हणजे समजा, बाळाला दात लवकर आले असतील. धाकटी म्हणाली, स्वतःच्या मानेच्या मागच्या बाजूला येत नाहीत. मग साहेब मुद्द्यावर आले. खोटं बोला असं ते म्हणतच नव्हते, त्यांचं एवढंच म्हणणं, की बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौकट बदला, फरशी सुलटी करा, पाठ पुन्हा बंद. उद्घाटन होऊ द्या, मग वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या जाडजूड नियतकालिकात सावकाश छापून टाका, ते वाचतं कोण? एवढ्यानं धाकटी बधली नसती. पण जाता जाता दारात थांबून ते म्हणाले,

“काकूंचा तरी विचार करा. या वयात त्यांनी आता काय सांगायचं लोकांना?”

तो बाण बरोबर लागला. साहेब दिसायचे तितके बावळट नव्हते. धाकटीची गत धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी झाली. हा शोध तिचा होता. तो घेऊन नव्या संग्रहालयात गेली असती तर तिथं पहिल्याच दिवशी तिचं नाव झालं असतं. पण मग आईचं काय? एका हातानं तिची बाळंतीण काढून घ्यायची आणि दुसऱ्या हातानं सामान उचलून चालू लागायचं, म्हणजे म्हातारीला दोन्हीकडून उघड्यावर टाकणं. तिला आईचा राग होता, चांगला जुना, मुरलेला राग होता. पण आईवर तिचं प्रेमही होतं, आणि हीच तर सगळी पंचाईत. दोन दिवस घोळ घातल्यावर तिनं त्या मोठ्या संग्रहालयाला नकाराचं उत्तर लिहून ठेवलं. आईची प्रकृती बरी नसते, असं कारण दिलं. आईची प्रकृती ठणठणीत होती. पायऱ्या चढताना धाप लागायची ती धाकटीला. उत्तर तिनं लगेच पाठवलं नाही, उद्या पाठवू म्हणून ठेवलं.

आणि उद्या आई कार्यशाळेत येऊन उभी राहिली. हातात डबा, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. पोरगी घरी बोलत नाही, धड जेवत नाही, म्हणजे एक तर आजारी आहे नाहीतर कुणाच्या प्रेमात आहे, असा तिचा कयास होता, आणि दोन्हीचा छडा लावायला ती आली होती. पण दारातून तिला पालथी फरशी दिसली आणि ती धाकटीला विसरलीच. बाळाचं तोंड दिसतं का गं आता, असं विचारत ती थेट टेबलापाशी गेली. धाकटी मध्ये आली, धूळ आहे म्हणाली, प्लास्टर ओलं आहे म्हणाली. आईनं तिला हातानं बाजूला सारलं. कुणाकडे बाळ झालं की जसं बायका वाकून बघतात तशी ती वाकली आणि भिंगातून बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला, दालनातला तो हळू आवाज झाला.

“किती शांत झोपलंय गं. आईच्या कुशीत.”

धाकटीनं आजवर पुष्कळ ऐकून घेतलं होतं, हेही ऐकून घ्यायचं तिनं ठरवलेलं होतं. पण तोंड आपसूकच उघडलं.

“झोपलेलं नाहीये ते, आई. गिळलंय त्याला.”

आई तशीच वाकलेली राहिली. मग धाकटीनं सांगून टाकलं. दात दाखवला, विरघळलेल्या कडा दाखवल्या, फासळ्यांचा फरक दाखवला. सांगताना तिला वाटलं होतं की मजा येईल, पण काहीच मजा आली नाही. कुणाच्या घरी जाऊन वाईट बातमी देतो तसं होत होतं. आईनं मध्ये तोंड घातलं नाही. हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी मणक्यांचे बुजलेले सांधे दाखवून धाकटी म्हणाली, की ते बाळही नव्हतं, चांगलं वाढलेलं होतं.

“म्हणजे अजून मोठं व्हायचं नव्हतं?” आईनं विचारलं.

“नाही. त्यांची वाढ एवढीच. पुरतं मोठं झालेलं होतं ते.”

“मग इतकी वर्षं सगळे त्याला बाळ का म्हणत होते?”

“मोठीच्या पोटात होतं म्हणून.”

आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकच विचारलं, की ही मोठी कशानं मेली. धाकटी म्हणाली, नक्की सांगता येत नाही. पण त्या गिळलेल्याची मागची हाडं अजून शाबूत आहेत, म्हणजे गिळल्यावर फार जगलेली दिसत नाही. घास मोठा होता, कदाचित त्यानंच गेली असेल. आईनं मान हलवली, डबा टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. जिन्यावर तिची पावलं सावकाश वाजत राहिली, आणि धाकटीला आपण फार दुष्टपणा केला असं वाटलं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते भयंकर होतं. शांतता सुरू झाली. आई स्वयंपाक करायची, वाढायची, आणि गप्प. टोमणा नाही, उसासा नाही, बाळंतिणीचं नाव नाही. धाकटीची अशी खात्री पटली की आपण आईचं तोंड कायमचं बंद केलं, आणि ज्या आवाजानं तिचा जन्मभर छळ केला तो ऐकू येत नाही म्हणून तिला रडायला यायला लागलं. आई मात्र स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीकडे बघत ओठ हलवत असायची. नकाराचं उत्तर अजून तसंच पडून होतं. ते पाठवायला बोट उचलायचं आणि मागे यायचं. इकडे साहेबांनी घाई करून फरशी सुलटी करवून घेतली होती, पाठ नव्या चौकटीत गडप झाली होती, आणि दालनाला आतून फिकट गुलाबी रंग दिला होता.

उद्घाटनाला गर्दी झाली. पुढच्या खुर्च्यांत प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचा सगळा कर्मचारीवर्ग बसला होता, मागं नेहमीची जिज्ञासू मंडळी. साहेबांनी आईला आत यायच्या आधीच बाजूला घेऊन समजावलं होतं, काकू, नेहमीचंच होऊ द्या, एक अक्षर इकडचं तिकडे नको. आईनं हो म्हटलं होतं. धाकटी अगदी मागे, दाराजवळ उभी होती, कारण तिला ऐकायचंही होतं आणि पळूनही जायचं होतं.

आईनं सुरुवात नेहमीसारखीच केली. समुद्र, खवळलेल्या लाटा, चोवीस कोटी वर्षं. साहेबांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग आई थांबली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, आजवर मी तुम्हाला सांगत आले की ही पोरासाठी मेली. कार्यशाळेनं तिला पालथी करून बघितलंय. ही बाळंत झालेली नाही. ही जेवली आहे.

मग पहिल्या हसल्या त्या डॉक्टरीणबाई, त्याही अशा खो खो की शेजारच्या नर्सला त्यांना धरावं लागलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. आई आता रंगात आली होती. तिनं दात कुठं घुसला होता ते स्वतःच्या मानेवर हात मारून दाखवलं, शेजारीण कशी पोहत चालली होती ते दाखवलं, हिनं मागून कसं गाठलं ते दाखवलं. लोक पोट धरून हसत होते. मागून एका गृहस्थानं विचारलं, की मग ते बिचारं पिल्लू सुटलं का नाही. आई म्हणाली, पहिली गोष्ट, ते पिल्लू नव्हतं. चांगलं मोठं, कर्तं जनावर होतं. तुमच्या-आमच्यासारखं आपल्या कामाला निघालं होतं. ते पिल्लू आहे असं आपण बाहेरून ठरवलं, आणि सगळ्यांत मोठ्यांदा मी ठरवलं.

“आणि ते सुटलं नाही, कारण हिनं सोडलं नाही,” आई म्हणाली. आवाज तोच हळू, सगळ्यांना ऐकू जाणारा. “हिचे दात बघा, आत वळलेले. धरायला चांगले, सोडायला अवघड. घास पोटात मावेना, जीव घुसमटला, तरी सोडलं नाही. मी इतकी वर्षं त्याचं कौतुक करत होते. सोडलं असतं तर दोघी जगल्या असत्या.”

हसू थांबलं. मग आईला तेही सहन होईना. ती म्हणाली, अर्थात मग आज तुम्हाला बघायला काही मिळालं नसतं आणि साहेबांचे मग तसेच पडून राहिले असते, तेव्हा जाताना प्रत्येकानं एक घ्या. पुन्हा हशा झाला. डॉक्टरीणबाई डोळे पुसत उठल्या आणि साहेबांना म्हणाल्या, की अशा आया त्यांच्याकडे रोज येतात, बाळ बाहेर येतं पण ह्या काही सोडत नाहीत. हे भाषण दर महिन्याला त्यांच्या दवाखान्यात ठेवायचं. साहेबांनी डोळे उघडले आणि ही कल्पना मुळात आपलीच होती असं सांगायला ते लगेच तयार झाले.

संध्याकाळी मायलेकी बसची वाट बघत थांब्यावर उभ्या होत्या. आई घसा बसल्यामुळे गप्प होती, आणि धाकटीला सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. तुझं भाषण चांगलं झालं, असं ती म्हणाली. आई म्हणाली, ते मला माहीत आहे. दोन बस आल्या, गेल्या, आपली नव्हती. मग रस्त्याकडे बघतच आईनं विचारलं,

“त्या लोकांना कळवलंस का?”

“काय?”

“येतेस म्हणून.”

धाकटी म्हणाली, नाही, म्हणजे नकार लिहून ठेवलाय, पाठवला नाही, तुझी तब्येत, एकटी कशी राहशील, थोरलाही लांब. वाक्यं एकमेकांत अडकत गेली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन काढायला सांगितलं. आत्ता, इथं, माझ्यासमोर कळव, असं तिचं म्हणणं होतं, कारण घरी गेल्यावर आपला काय भरवसा, उद्या आपणच पुन्हा काहीतरी बोलून बसू. धाकटीनं फोन काढला. अक्षरं दिसेनात, कारण डोळे भरून आले होते, आणि आईलाही दिसेनात, कारण वाचायचा चष्मा दालनातच राहिला होता. तरी आई तिच्या खांद्यावरून वाकून स्क्रीनकडे बघत राहिली, आणि येते, एवढंच लिहून झाल्यावर म्हणाली,

“गेलं का?”

“गेलं.”

“बरं झालं,” आई म्हणाली. तिनं धाकटीचा दंड घट्ट पकडला होता. बस वळणावर दिसली तेव्हा तिचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं. मग एकेक बोट उचलावं तसा तिनं तो सोडला.